बुद्ध लेणी ते लोखंडी पूल: संभाजीनगरात पहिल्यांदा लांब चालायला निघणाऱ्यांसाठी

बीड, परभणी, हिंगोलीकडून शिकायला नाहीतर नोकरीला संभाजीनगरात आलेली पोरं-पोरी पहिल्याच महिन्यात विचारतात की रविवारी सकाळी मोकळं चालायला कुठं जायचं, आणि त्यांना ठरलेलं उत्तर मिळतं, देवगिरी किल्ला, म्हैसमाळ, गौताळा. ह्या सगळ्याला गाडी लागते आणि अख्खा दिवस जातो. पण रिक्षानं जाऊन सुरू करता येईल आणि रिक्षानंच परत येता येईल अशी एक लई चांगली वाट शहरातच आहे. डोंगरातली बुद्ध लेणी, खाली विद्यापीठ, मग बीबी का मकबरा, बेगमपुरा, मकई दरवाजा, पाणचक्की आणि शेवटी छावणीत लोखंडी पुलाजवळ खाम नदीच्या काठचं इको पार्क. लेण्यांच्या पायऱ्या सोडल्या तर सगळा डांबरी नाहीतर सिमेंटचा रस्ता, दोर-बीर काही लागत नाही. आत-बाहेर किती फिरता त्यावर साधारण ८ ते १० किलोमीटर होतात.

मी ह्या वाटेनं बऱ्याच जणांना घेऊन गेलेय आणि नवीन माणसाच्या अडचणी प्रत्येक वेळी त्याच असतात: पाणी मधेच संपतं, ऐन उन्हात उघड्या रस्त्यावर सापडतो, बाथरूम कुठं ते कळत नाही. १० किलोमीटर म्हणजे काहीच नाही असं घरी बसून वाटतं, गावाकडं शेतात तेवढं रोजच होतं म्हणतात, पण शेतात बांधावर झाड असतं आणि विहीर जवळ असते, इथं डांबर खालून भाजतं. म्हणून ही वाट आखताना किलोमीटर मोजू नका, सावली कुठं आणि पाणी कुठं ते मोजा.

१. आधी महिना आणि दिवस ठरवा

पाऊस लागल्यापासून फेब्रुवारीपर्यंत कधीही जा. सगळ्यात भारी वेळ म्हणजे पोळ्यापासून दिवाळीपर्यंतची, डोंगर हिरवा असतो आणि ऊन सोसण्यासारखं असतं. मार्चनंतर ही वाट अर्धीच करा आणि एप्रिल-मे मध्ये अख्खी करूच नका, पारा चाळिशीच्या वर गेल्यावर रस्त्याची धग गुडघ्यापर्यंत येते.

उन्हाळ्यात पावणेसहाच्या आसपास उजाडतं, जानेवारीत मात्र सात वाजून जातात, त्यामुळं "सहाला निघू" हे बारा महिने चालत नाही. उजाडलं की निघायचं एवढंच ठरवा. लेणी आणि मकबरा दोन्ही पुरातत्त्व खात्याकडं आहेत, त्यांची उघडायची वेळ आणि तिकीट आदल्या दिवशी मोबाईलवर बघून ठेवा.

काही दिवस टाळायचे. १४ जानेवारी हा नामविस्तार दिन, १९९४ साली ह्याच तारखेला मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव मिळालं, त्या दिवशी विद्यापीठ गेटवर गावोगावहून माणसं येतात. त्या दिवशी गेटवर अभिवादनाला जरूर जा, फक्त लांब चालायचा बेत नको. विजयादशमीला बुद्ध लेणीवर तशीच गर्दी असते. गुरुवारी छावणीचा बाजार भरतो, म्हणजे वाटेचा शेवटचा भाग माणसांनी आणि गाड्यांनी भरलेला. शुक्रवारी दुपारच्या नमाजच्या वेळेला पाणचक्कीजवळ भाविकांची ये-जा जास्त असते, तेव्हा तिथं एक तर आधी पोहोचा नाहीतर नंतर.

२. दिशा उलटी करू नका

नवीन माणूस हमखास पाणचक्कीपासून सुरू करतो कारण ती सेंट्रल बस स्टँडपासून जवळ आहे. मग पाणचक्की, मकबरा करत करत दुपारी लेण्यांच्या पायऱ्या चढतो. लेण्यांची तोंडं दक्षिणेला आहेत, दुपारी तिथं ऊन सरळ अंगावर येतं आणि खाली उतरल्यावर रिक्षाही लवकर मिळत नाही.

त्यामुळं सुरुवात डोंगरातून करायची. सकाळी रिक्षानं थेट लेण्यांच्या पायथ्याशी जा, चढ गार हवेत उरकून घ्या आणि मग उताराला लागा. शहराचं जुनं पाणीही असंच वरून खाली आलेलं आहे. खाम जटवाड्याच्या डोंगराकडून येते आणि पुढं गोदावरीला मिळते. मलिक अंबरनं १६१० मध्ये खडकी वसवली, म्हणजे आजचं हे शहर, तेव्हा त्यानं पाणी आणलं ते जमिनीखालच्या नहरीतून, डोंगराच्या अंगानं, नुसत्या उतारावर. हे डोक्यात ठेवून चाललात तर पाणचक्कीला पोहोचल्यावर तिथलं पाणी कुठून आलं ते कुणाला विचारावं लागत नाही, तुम्ही त्याच बाजूनं चालत आलेले असता.

रिक्षावाल्याला "लेणी" एवढंच सांगू नका, तो वेरूळ-अजिंठ्याच्या टूरचं बोलायला लागेल. "विद्यापीठाच्या मागची बुद्ध लेणी" असं सांगा आणि भाडं बसायच्या आधी ठरवा.

३. सोबत काय घ्यायचं

- पाणी माणशी किमान २ लिटर, उन्हाळ्याच्या तोंडावर ३. ह्यात काटकसर नको.
- ओआरएसची दोन पाकिटं, नाहीतर घरून लिंबू-मीठ-साखर घातलेली बाटली.
- धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी, किंवा गूळ-शेंगदाणे. धपाटे दुपारपर्यंत मऊ राहतात आणि खाताना सांडत नाहीत. दही वेगळ्या डब्यात नेलं तर ते सावलीतच ठेवा.
- टोपी आणि मोठी दस्ती. दस्ती ओली करून मानेवर टाकता येते, दर्ग्यात डोकं झाकायलाही तीच.
- आधार किंवा कॉलेजचं ओळखपत्र. विद्यापीठाच्या आवारात कुणी विचारलं तर दाखवता येतं.
- सुट्टे पैसे. तिकीट ऑनलाईन निघतं पण रिक्षा, चहा आणि सुलभ शौचालयाला नोटाच बऱ्या.
- चार्ज केलेला मोबाईल आणि नकाशा आधीच डाऊनलोड केलेला, डोंगराच्या कुशीत कधी कधी रेंज जाते.
- एक रिकामी पिशवी, आपला कचरा आपल्यासोबत परत आणायला.

बुटांचं जरा नीट ऐका. ट्रेकिंगचे जाड, कडक बूट ह्या वाटेला नकोत. डांबरावर पाय प्रत्येक वेळी सारखाच आपटतो, मातीसारखा खाली-वर होत नाही, त्यामुळं तेच तेच हाड आणि तेच गुडघे दुखतात. मऊ तळाचे, आधी वापरून पायाला बसलेले रनिंग शूज आणि सुती नव्हे तर घाम लवकर सुकणारे मोजे घाला. नखं दोन दिवस आधी कापा. चप्पल किंवा सँडलवर निघालेल्या माणसाच्या टाचेला मकबऱ्यापर्यंतच फोड येतो.

ट्रायपॉड किंवा ड्रोन नेऊ नका. पुरातत्त्वच्या जागेत त्याला वेगळी परवानगी लागते, गेटवरच अडवतात आणि तिथं सामान सांभाळायला कुणी नसतं.

४. बुद्ध लेणी: चढ आहे तो इथंच

साधारण सहाव्या-सातव्या शतकातली ही लेणी, त्यातलं चैत्यगृह (स्तूप असलेलं प्रार्थनेचं दालन), म्हणजे ४ नंबरचं लेणं, त्याहून जुनं. दोन मुख्य गट आहेत, पश्चिमेला १ ते ५ आणि पूर्वेला ६ ते ९, आणि दोन्हींच्या मधे चालण्याचं बरंच अंतर आहे. नवीन माणूस पहिला गट बघून खाली येतो आणि मग कळतं की ७ नंबर तर राहूनच गेलं. माझं मत विचाराल तर वेळ कमी असला तरी ३ आणि ७ ही दोन सोडू नका. ३ मध्ये गाभाऱ्यात बुद्धासमोर हात जोडून बसलेले भक्त आहेत, माणसाच्या मापाचे, त्यांचे चेहरे आणि केसांच्या ठेवणी वेगवेगळ्या आहेत. ७ मध्ये संकटातून तारणारा बोधिसत्त्व अवलोकितेश्वर आहे, आग, तलवार, बुडणारं जहाज, हत्ती अशी एकेक संकटं बाजूला कोरलेली, आणि आत नाचणारी बाई आणि तिच्याभोवती वाद्यं वाजवणाऱ्या बायका. तिथं दहा मिनिटं तरी शांत उभे राहा.

इथले धोके दोन. एक मधमाश्या: खडकाला पोळी असतात, त्यामुळं उग्र सेंट मारून जाऊ नका, आरडाओरडा, दगड मारणं, सिगारेट-अगरबत्तीचा धूर काहीच नको. दुसरं वानरं: खाऊची पिशवी हातात लोंबकळत ठेवू नका, बॅगेत ठेवा. पावसाळ्यात पायऱ्यांना शेवाळ असतं, उतरताना जरा तिरकं पाऊल टाका.

खाली उतरलात की बाटली बघा. अर्ध्यापेक्षा जास्त पाणी उरलेलं पाहिजे, नसेल तर पुढं पहिलं दुकान दिसेल तिथं विकत घ्या. घराचं दार वाजवून बाटली भरून मागायची आपल्या गावाकडची सवय इथं जरा आवरा. इथं नळाला रोज पाणी येत नाही, लोक ड्रमात साठवून पुरवतात. कुणी आपणहून दिलं तर आनंदानं प्या, ह्या भागातली माणसं देतातही.

५. विद्यापीठाचा पट्टा

२३ ऑगस्ट १९५८ ला सुरू झालेलं हे विद्यापीठ डोंगराच्या पायथ्याशी मोठ्या आवारात पसरलंय. सकाळी इथं फिरायला येणाऱ्या काका-मावशींची चांगली वर्दळ असते, त्यामुळं एकट्या मुलीलाही सकाळी इथं अवघड वाटत नाही. झाडं आहेत, उतार आहे, हा सगळ्यात सोपा भाग. फक्त परीक्षा, भरती असं काही असेल तर आवारात अडवतात, तेव्हा हुज्जत न घालता बाहेरचा रस्ता धरा.

सोनेरी महाल थोडा आडबाजूला आहे, बुंदेलखंडच्या सरदारानं बांधलेला, आत संग्रहालय. पाय ताजे असतील तरच जा.

६. बीबी का मकबरा

इथं लोक दोन चुका करतात. "ताजची नक्कल" म्हणून बाहेरूनच फोटो काढून पुढं जातात, नाहीतर आत जाऊन दोन तास बसतात आणि मग उरलेली वाट उन्हात चालतात. तास-पाऊण तास ठेवा. औरंगजेबाची बेगम दिलरास बानू, जिची कबर इथं आहे, १६५७ मध्ये वारली, तिचा मुलगा आझमशहा ह्याच्या नावावर ही इमारत आहे, आणि मुख्य दारावरच्या लेखात वास्तुकार अताउल्ला आणि इंजिनीअर हंसपतराय अशी दोन नावं आहेत. मला तिथं सगळ्यात आवडतं ते हेच, कारण बांधणाऱ्याचं नाव असं सहसा कुठं सापडत नाही. दार बघितल्याशिवाय आत घुसू नका.

मकबऱ्याचं आवार म्हणजे ह्या वाटेवरचा पहिला खरा मुक्काम. शौचालय, बाहेर चहा-पाणी, बसायला जागा. बाया-मुलींनी तर इथंच जाऊन घ्यावं, पुढचं सोयीचं ठिकाण थेट पाणचक्कीला. धपाटे मात्र बाहेर सावलीत खा, आत बागेत डबा उघडू नका.

७. बेगमपुरा आणि मकई दरवाजा

अंतर थोडंच आहे पण लक्ष इथंच सगळ्यात जास्त लागतं. फूटपाथ सलग नाही, रस्ता अरुंद, आणि ह्या जुन्या दरवाजातून आणि पुलावरून गाड्या चालूच असतात. समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूनं, म्हणजे उजव्या कडेनं, एकामागं एक चाला. हेडफोन काढून ठेवा. दरवाजाच्या कमानीत थांबून फोटो काढायचा मोह होतो, पण तिथं थांबलं की मागून हॉर्न सुरू होतात, पूल ओलांडून बाजूला जाऊन काढा.

ह्या शहराला बावन्न दरवाजांचं शहर म्हणतात. सगळे आता राहिले नाहीत, मकई हा राहिलेल्यांपैकी दणकट. पुलावरून खाली खाम दिसते. पाण्याला काही ठिकाणी वास येतो हे खरं, तरी कठड्याशी दोन मिनिटं थांबून बघा, पुलाची जुनी बांधणी चालता चालता कळत नाही ती इथून कळते.

रस्ता चुकलात तर गल्लीतल्या चाचांना विचारा, "चाचा, पाणचक्की कूं किधर से जाना?" असं विचारलं की बहुतेक वेळा ते अर्ध्या वाटेपर्यंत सोबत येतात. मोबाईलचा नकाशा इथं कधी कधी घरांच्या मधून रस्ता दाखवतो, त्याच्या नादी लागू नका.

८. पाणचक्की: इथं घाई करू नका

माझ्या मते ह्या अख्ख्या वाटेचा जीव इथं आहे. बाबा शाह मुसाफिर ह्या सूफी संतांचा दर्गा, त्याच्या आवारात हौद, आणि हौदाच्या कडेला पाण्यावर चालणारी दगडी चक्की. शहराच्या उत्तरेकडून काही किलोमीटरवरून पाणी जमिनीखालच्या मातीच्या नळातून येतं, इथल्या उंच भिंतीत वर चढतं आणि वरून हौदात पडतं. पंप नाही, मोटार नाही. उगमाची पातळी ह्या भिंतीपेक्षा वर असल्यामुळं बंद नळातलं पाणी आपोआप तेवढ्या उंचीपर्यंत चढतं. त्याच पाण्याच्या जोरावर खालचं पातं फिरायचं आणि दर्ग्यात येणाऱ्या फकिरांसाठी, वाटसरूंसाठी पीठ दळलं जायचं.

बरेच जण हौदातले मासे बघून परत फिरतात. हौदाच्या खाली मोठं दालन आहे, म्हणजे ज्या हौदाकडं तुम्ही बघताय त्याचा तळ हाच खालच्या खोलीचं छत आहे. तेवढं पाणी डोक्यावर धरून उन्हाळ्यात ते दालन गार राहावं अशी ती रचना. वर मोठा वड आहे, त्याच्या सावलीत बूट काढून पंधरा मिनिटं बसा, मोजे बदला, तळव्याला लाल झालं असेल तिथं फोड यायच्या आधीच पट्टी लावा.

दर्ग्याच्या भागात डोकं झाका, पायताण बाहेर ठेवा, दुआ चालू असेल तर बोलणं आणि रील दोन्ही बंद. उन्हाळ्याच्या शेवटी नहरीला पाणी कमी असतं, तेव्हा भिंतीवरून धार पडेलच असं नाही.

इथं थांबून एक निर्णय घ्या: पुढं जायचं का. घड्याळात अकरा वाजून गेले असतील, किंवा सोबतच्या कुणाचं डोकं दुखायलंय, घाम येणं बंद झालंय, तर इथंच संपवा. रिक्षा लगेच मिळते, घाटी, म्हणजे मोठा सरकारी दवाखाना, जवळ आहे.

९. छावणी आणि खामचा काठ

पाणचक्कीवरून छावणीच्या दिशेनं निघालात की लष्कराचा भाग लागतो. फलक लावलेल्या ठिकाणी मोबाईल बाहेर काढू नका, व्हिडिओ तर मुळीच नाही, आणि "आत काय आहे" म्हणून कुठल्या गेटपाशी घोटाळू नका.

लोखंडी पुलाजवळचं इको पार्क म्हणजे मागच्या काही वर्षांत झालेलं काम. महापालिका, छावणी परिषद, संस्था आणि साधी माणसं ह्यांनी मिळून नदीतला कचरा काढला, काठ मोकळा केला, झाडं लावली, चालायला रस्ता केला. ह्याआधी लोक खामला नदी म्हणतच नव्हते, नाला म्हणायचे. आता सकाळी काठावर खंड्या आणि वंचक हे पाणपक्षी दिसतात. म्हणून कळकळीनं सांगते, इथं बिस्किटाचा कागदसुद्धा टाकू नका, निर्माल्याची पिशवी घेऊन येणारा कुणी दिसला तर नम्रपणे थांबवा. आणि पाण्यात उतरू नका, शहराचं सांडपाणी वरून अजूनही मिसळतं.

पावसाळ्यात डोंगराकडं जोराचा पाऊस झाला की खामला पाणी एकदम चढतं, इथं ऊन असलं तरी. काठाचा रस्ता ओला, गढूळ दिसला किंवा पुलावरून पाणी जात असलं तर परत फिरा. चार पावलांसाठी कुणी जीव धोक्यात घालायचा नाही.

१०. काही झालंच तर

कुत्रं चावलं किंवा नुसतं ओरखडलं तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी घाटीत जाऊन इंजेक्शन सुरू करा, हळद-चुना काही लावू नका. कुत्र्यांचा घोळका आला तर पळायचं नाही, उभं राहायचं, नजर न भिडवता हळूहळू बाजूला व्हायचं. चक्कर आली तर सावलीत झोपवून पाय वर, मानेला आणि बगलेत ओली दस्ती, शुद्धीत असेल तरच घोट घोट ओआरएस. माणूस असंबद्ध बोलायला लागला तर वाट बघू नका, १०८ ला फोन लावा. बाकी कुठल्याही अडचणीला ११२.

११. आई-बाबा किंवा लहान लेकरं सोबत असतील तर

गावाकडून आई-बाबा आले की त्यांना ही अख्खी वाट चालवू नका. मकबऱ्यापर्यंत रिक्षा, तिथून बेगमपुऱ्यातून पाणचक्कीपर्यंत पायी, बास. गुडघ्याचा त्रास असेल तर मधला पट्टाही रिक्षानं, आणि चालणं नुसतं आवारांच्या आत.

पक्ष्यांची आवड असली तर दुसरा एखादा रविवार दिल्ली दरवाज्याकडं ठेवा. तिथं सलीम अली सरोवर आहे, पक्षीतज्ज्ञ डॉ. सलीम अलींच्या नावाचं, आणि जवळच हिमायतबाग, जिथं परभणीच्या कृषी विद्यापीठाचं फळ संशोधन केंद्र आहे. दोन्हीकडं आत सोडतात का ते आधी विचारून जा, नाहीतर बाहेरच्या रस्त्यावरूनच दुर्बीण लावून बघावं लागेल. ह्या दोन्ही वाटा एकाच दिवशी जोडायचा प्रयत्न करू नका, मधला टाऊन हॉल-भडकल दरवाज्याचा रस्ता दुपारी गाड्यांनी भरलेला असतो आणि सावली तर नाहीच. भडकल दरवाजा बघायचाच असेल तर सकाळी सातच्या आत जा, तेव्हा कमानीखाली उभं राहून वर बघता येतं.